सीटचा मागचा पाय

४ मार्च, बुधवार

ही वही मापं लिहायला आणली. मापांशिवाय यात काही यायला नको, पण काम का काढलं ते एकदा लिहून ठेवतो. पुढे मलाच प्रश्न पडला तर उत्तर हाताशी असावं.

धाकटी, म्हणजे माझी बहीण, जनावरांची डॉक्टर आहे. डोंगरावरच्या मेंढपाळांचे नऊ वाडे तिच्याकडे. तिथवर रस्ता नाही, नुसती चाकोरी, म्हणून चारही चाकांना जोर मिळणारी जीप लागते. जीप तिची, देखभाल माझी. एकतीस वर्षं तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवलं. बहिणीची गाडी दुसऱ्याकडे दुरुस्तीला गेली असती तर लोक हसले असते.

गेल्या ऑक्टोबरात वरून उतरताना गाडी खड्ड्यात आदळली, ड्रायव्हरची सीट जागची निखळली, धाकटीचं स्टीअरिंग सुटलं आणि गाडी कडेच्या ओघळीत आडवी झाली. तिच्या पाठीचे दोन मणके तडकले. शेजारी बसलेल्या कंपाउंडरचा खांदा मोडला. धाकटी तीन महिने पट्टा बांधून पलंगावर होती. आता हिंडते-फिरते, पण कामाचं नाव काढत नाही.

काल ऑफिसचं पत्र आलं. दहा एप्रिलपर्यंत हजर झाली नाही तर तिचे वाडे दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. तिने ते वाचलं, घडी घातली आणि फळीवर ठेवलं.

"काय कळवणार?" मी विचारलं.

"बघू."

धाकटीचं 'बघू' म्हणजे नाही. सत्तेचाळीस वर्षं ऐकतोय.

कारण मला कळतं. जीपच्या मूळ सीटा म्हणजे लोखंडी चौकटीवर ताणलेलं रेक्झिन. मणके तडकलेल्या माणसाने त्यावर चार तास आदळत बसायचं म्हणजे छळ. तेव्हा एखाद्या चांगल्या मोटारीच्या सीटा, कमरेला आधार असलेल्या, जीपमध्ये बसवायच्या. पाठीला सोसेल अशी गाडी झाली की ती जाईल. पाच आठवडे आहेत, पुरतील.

७ मार्च, शनिवार

नापासकडे गेलो. हा माझा विद्यार्थी. वेल्डिंगच्या परीक्षेत मी त्याला दोनदा नापास केलं, तेव्हापासून तो स्वतःची ओळख 'सरांचा नापास' अशीच करून देतो. आता चाळिशी उलटली आहे, मोडक्या गाड्यांचं मोठं आवार आहे, आणि धाकटीसुद्धा त्याला नापासभाऊ म्हणते.

मागून ठोकर बसलेली एक निळी मोटार त्याने दाखवली. डिकी मागच्या सीटवर येऊन बसलेली, पुढच्या दोन सीटा मात्र जशाच्या तशा.

"याच न्या सर. मालक गाडीत बसायचा कमी आणि पुसायचा जास्त."

सीटच्या कडेला एअरबॅग असते, तिची वायर पिवळी. मी म्हणालो, "बॅटरी सोडव, पंधरा मिनिटं थांब, मग हात लाव."

"सर, हे मीच तुम्हाला सांगणार होतो," तो हसला. "तुम्ही आधीच पाना घेऊन वाकलात."

बोल्ट खोल जागी होते. माझा पाना दोनदा निसटला, तसा त्याने तो माझ्या हातातून घेतला. मुलं मोठी झाली की अशी आगाऊ होतात.

८ मार्च, रविवार

ड्रायव्हरची बाजू. पुढचं भोक ते मागचं भोक: ३९५. पुन्हा मोजलं, ४०५. तिसऱ्यांदा ३९०. टेप जुनी झाली आहे, नवी आणायला हवी.

अडचण अशी की मोटारीच्या सीटची भोकं जीपच्या जमिनीवरच्या भोकांशी कुठेच जुळत नाहीत, आणि जीपचा पत्रा पातळ आहे. नुसती भोकं पाडून बोल्ट आवळले तर पहिल्या धक्क्याला पत्रा फाटून बोल्ट वर येतील. म्हणून चौकोनी पाइपची बैठी चौकट करायची, ती जुन्या जागी बोल्टने बसवायची, खालच्या बाजूने तळहाताएवढ्या जाड पट्ट्या द्यायच्या, आणि त्या चौकटीवर सीट. चौकट उंच झाली तर धाकटीचं डोकं छताला लागेल. २५ मिलिमीटरच्या वर नको.

पुठ्ठ्याचा नमुना कापला. कडा वाकडी आली. दुसरा कापला, तोही वाकडा. पट्टीच वाकली आहे असं दिसतं.

या वहीच्या रेघासुद्धा नीट छापलेल्या नाहीत, मधोमध बाक आलाय. बदलून आणायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "काका, सरळच आहेत की." गिऱ्हाइकालाच खोटं पाडायचं, ही नवी रीत.

११ मार्च, बुधवार

सीट अंगणात विटांवर ठेवून धाकटीला बसायला बोलावलं. कमरेचा आधार तिच्या पाठीला कुठे येतो ते बघायचं होतं. ती बसली, पण सीटकडे तिचं लक्ष नव्हतं. जीपच्या उघड्या दारातून आत बघत होती.

"जुनी सीट कुठे गेली?"

"भंगारात."

"मला बघायची होती."

"चुरगळलेल्या लोखंडात काय बघायचंय? टेकून बस. इथे टोचतं का?"

"नाही."

"आणि इथे?"

"दादा, पाठ बरी आहे माझी." मग जरा वेळाने म्हणाली, "त्या वळणावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. पहिला टाकायला हवा होता. घरी जायची घाई झाली होती मला."

"झालं ते झालं," मी म्हणालो. "पाठ थोडी मागे झुकवू का?"

"झुकव," म्हणाली आणि उठून आत गेली.

पाठ बरी आहे असं ती माझ्या समाधानासाठी म्हणते. उठताना हात गुडघ्यावर ठेवला ते मी पाहिलं. आधार दोन बोटं वर घ्यायचा.

१४ मार्च, शनिवार

कंपाउंडर भेटायला आला. तिच्याबरोबर बारा वर्षं हिंडलेला माणूस. तो जनावर धरायचा, ती सुई द्यायची. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चपला काढतानासुद्धा भिंतीला टेकला.

धाकटी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चहा माझ्या हाती पाठवला.

"बाईंची तब्येत कशी आहे?" त्याने विचारलं.

"पाठ दुखते. नव्या सीटा बसवतोय."

तो आतल्या दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने म्हणाला, "बाई, खड्डा काय कुणाला सांगून येतो? मनाला लावून घेऊ नका."

आतून आवाज आला, "खड्डा दिसत होता मला."

कंपाउंडर कप डाव्या हाताने धरून चहा संपवत होता आणि मी त्याच्या कपाकडे बघत होतो. जाताना तो मला म्हणाला, "मास्तर, सीटा घट्ट बसवा."

१६ मार्च, सोमवार

जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. वेल्डिंगची ठिणगी उडायच्या आधी ती काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. पाइप कापले. आठातले तीन आखूड गेले, पुन्हा कापावे लागले.

ड्रिलचं पातं शोधताना खालच्या खणात फडक्यात गुंडाळलेला तो तुकडा हाताला लागला. जुन्या सीटचा मागचा उजवा पाय. बाकी सगळं भंगारात दिलं, हा का ठेवला ते सांगता येणार नाही. गेल्या ऑगस्टमध्ये त्या पायाला चीर गेली होती तेव्हा मीच जोडला होता. अर्ध्या तासाचं काम. लोखंडच हलकं असणार, नाहीतर जोडाशीच कशाला तुटेल? फडकं न सोडता परत आत ठेवला.

१९ मार्च, गुरुवार

काही केलं नाही. डोळ्यांत कचरा गेल्यासारखं होतंय. दोनदा धुतले.

२२ मार्च, रविवार

आजचं लिहावं की नाही, ठरत नाही. लिहितो.

सकाळी वेल्डिंग सुरू केलं. आधी दोन तुकड्यांवर हात साफ करून घ्यावा म्हणून नमुन्याचा जोड मारला. मुलांना हेच शिकवत आलो, आधी नमुना, मग काम. जोड थंड झाला. हातमोज्याने चाचपला. सारखा, एका जाडीचा, खवल्याला खवला लागून. मग चौकटीचे दोन कोपरे जोडले.

तेवढ्यात नापास सीटचे राहिलेले बोल्ट घेऊन आला. नमुना उचलून उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"काय बघतोस? गुण देणार आहेस का?"

"सर, पुढचे कोपरे मी जोडू का?"

"तू?" माझा आवाज चढला. "तुला मी दोनदा नापास केलंय."

"दोन्ही वेळेला बरोबर केलंत," तो शांतपणे म्हणाला. त्याने नमुना बाकावरच्या व्हाइसमध्ये आवळला आणि हातोडीचा एकच घाव घातला. दोन तुकडे झाले. एक माझ्या पायाशी पडला.

"जोड चांगला आहे सर. पण फटीवर नाही. फटीच्या शेजारून गेलाय."

मी तुकडा उचलला. फटीची कडा कोरीच्या कोरी होती, कापली तशी. शेजारी पत्र्यावर माझी ती सुंदर खवल्यांची रेघ.

मी म्हणालो, काच काळी पडली असेल, मास्कची. तो गॅरेजच्या दाराकडे बोट करून म्हणाला, "सर, ती चौकट सरळ आहे का?"

"कधीचीच वाकली आहे. मधे फुगलीये."

त्याने ओळंबा आणला, चौकटीला लावून सोडला. "आता बघा."

दोरीसुद्धा वाकडी दिसत होती. ओळंब्याची दोरी! खाली वजन लटकतंय, ती वाकेल कशी?

"बोट फिरवा सर तिच्यावरून."

फिरवलं. वरून खालपर्यंत. बोटाला दोरी सरळ लागत होती आणि डोळ्याला वाकडी दिसत होती. मी एक डोळा मिटून बघितलं. डाव्याने बाक दिसला. मग उजव्याने बघितलं तर मधली दोरीच नाही, नुसता करडा डाग.

नापासने स्टूल ओढून दिलं. मी बसलो. मग मीच खण उघडला, फडकं सोडलं आणि तो पाय त्याच्या हातात दिला. त्याने उलटसुलट करून बघितलं. काही सांगायची गरज नव्हती. तसाच जोड, फटीच्या शेजारून गेलेला. फटीला कुठेतरी एका टोकाला निसटता धरलेला, तेवढ्यावर ती सीट दोन महिने उभी होती.

"ताईंना माहीत आहे?" त्याने विचारलं.

"नाही."

तो बराच वेळ हातोडी पुसत राहिला.

२३ मार्च, सोमवार

ऑगस्टमधला तो दिवस आज पुन्हा पुन्हा आठवून पाहिला. मास्क लावल्यावर ज्योतीच्या मधोमध काळं दिसत होतं, हे मला तेव्हा कळलं होतं. काच पुसली, पुन्हा तेच. हाताला सवय आहे, हात चुकणार नाही, असं म्हणून पुढे गेलो. नमुना मारला नाही. घाई होती असंही नाही. मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

ही वही मापांसाठी आहे म्हणून लिहिलं होतं.

२६ मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नापास घेऊन गेला. चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला, कुठे रेघा वाकतात ते बोटाने दाखवायला सांगितलं. जवळजवळ सगळीकडेच दाखवलं. पडद्याच्या मधल्या भागात सूज आणि रक्त आहे म्हणाल्या. उजव्याचं गेलेलं परत येणार नाही. डाव्यात इंजेक्शनं दिली तर आहे तेवढं टिकेल, थोडं सुधारेलही. पहिलं दोन एप्रिलला.

"कधीपासून असं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं असतील."

"मग आला का नाहीत?"

वर्कशॉपमध्ये उशिरा येणाऱ्या मुलाला मी जसा आवाज लावायचो, तसाच त्यांचा आवाज होता.

आता मोठ्या अक्षरात लिहितो, एक ओळ सोडून.

धाकटीला घरी आल्यावर सांगायचं ठरवलं होतं. ती कपडे वाळत घालत होती. सांगितलं नाही.

२९ मार्च, रविवार

सांगितलं.

सकाळी ती टेबलाशी बसून ऑफिसला पत्र लिहीत होती. मी समोर बसलो. तो पाय फडक्यातून काढून कागदाच्या शेजारी ठेवला.

"हे काय?"

"जुन्या सीटचा मागचा पाय. भंगारात दिला म्हणालो ते खोटं होतं."

मग सगळं सांगितलं. ऑगस्ट, काळा डाग, नमुना न मारणं, नापासची हातोडी, डॉक्टरीणबाई. सांगताना तिच्याकडे बघत होतो, पण सरळ बघितलं की चेहऱ्याच्या जागी डाग येतो. कडेने बघावं लागतं. तिचे हात तेवढे दिसत होते. तिने तो पाय उचलला आणि अंगठा तुटलेल्या कडेवरून फिरवत राहिली.

"म्हणजे सीट आधी सुटली," ती म्हणाली.

"हो."

"खड्डा मी घेतला होता बरोबर. चाक वर आलं होतं. मला आठवतंय, चाक वर आलं आणि मग मी मागे गेले. सगळे म्हणाले, धक्क्यात असं काहीही आठवतं."

"बरोबर आठवतंय तुला."

"पाच महिने, दादा." तिचा आवाज अगदी हळू होता. "पाच महिने मी रोज त्या वळणावर जाऊन येते. पलंगावर पडल्या पडल्या. रोज पहिला गिअर टाकते. रोज ब्रेक आधी मारते. कंपाउंडरांचा हात बघवत नाही म्हणून आत लपून बसते. मी त्यांचा हात घालवला असं समजून. आणि तू बाहेर बसून माझ्या कमरेला उशी मोजत होतास!"

"मला वाटलं, पाठ दुखते म्हणून तू..."

"मी तुला सांगितलं होतं पाठ बरी आहे! कितीदा सांगितलं?"

मी काहीतरी म्हणालो. चुकलं म्हणालो असेन.

"जोड चुकला त्याचं मी काही म्हणत नाही," ती उठत म्हणाली. "जोड कुणाचाही चुकतो. दिसत नव्हतं तर दिसत नाही म्हणायचं होतंस. आणि नंतर मी पलंगावर होते, तेव्हा तरी. एकदा तरी यायचं होतंस आत." दाराशी थांबली. "बाहेर नुसती ठोकाठोक ऐकू यायची तुझी."

तिने खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावर अर्धं पत्र होतं. मला वाचता आलं नाही, आलं असतं तरी वाचलं नसतं.

मला खरंच वाटत होतं की पाठीचा प्रश्न आहे. हे मी कुणाला पटवून देणार?

१ एप्रिल, बुधवार

तीन दिवस बोलणं नाही. माझं ताट वाढून झाकून ठेवते आणि तिच्या खोलीत जेवते. जीप अंगणात उघडीबोडकी उभी आहे. मी जोडलेले दोन कोपरे करवतीने कापून काढले. आडवं-उभं न बघता नुसत्या हाताने कापता येतं.

२ एप्रिल, गुरुवार

सकाळी निघालो तर ती चपला घालून दारात उभी. रिक्षा तिनेच थांबवली.

डोळ्यात सुई गेली, पण दाब जाणवला तेवढंच. बाहेर आलो तेव्हा पट्टी होती. ती कोपराला धरून चालत होती. "पायरी," म्हणायची. "अजून एक." घरी येईपर्यंत एवढंच बोलली.

संध्याकाळी डोळ्यात थेंब घातले. मेंढीच्या डोळ्यात घालते तसे, हनुवटी घट्ट धरून. हात हलका, तोंड बंद.

५ एप्रिल, रविवार

सकाळी गॅरेजमध्ये आवाज आला म्हणून गेलो. नापास आलेला होता, आणि धाकटी जुने कपडे घालून, केस बांधून उभी होती. तिनेच त्याला बोलावलं होतं. मी दारात थांबलो.

"आत ये," ती म्हणाली. "कुठे काय ते तूच सांगणार ना."

मग दिवसभर काम चाललं. मापं तिने घेतली. पुढचं ते मागचं भोक ४०२, तिन्ही वेळेला ४०२. नापासने आधी नमुना मारला. न सांगता मारला. तिने तो व्हाइसमध्ये धरायला लावला आणि हातोडी स्वतः घेतली. सात घाव घातले. पत्रा वाकला, जोड तुटला नाही.

"पास का?" नापासने मला विचारलं.

मी तो हातात घेऊन अंगठा फिरवला. "काठावर," म्हणालो. तो एवढा मोठ्याने हसला की धाकटीच्या तोंडावरही काहीतरी हललं. निदान कडेने बघताना तसं वाटलं.

चौकट बसली. खालच्या पट्ट्या मी गाडीखाली झोपून हाताच्या अंदाजाने धरल्या, ती वरून बोल्ट आवळत होती. पत्र्याच्या आरपार आमचं बोलणं चाललं होतं. "धरलंस?" "धरलं." "पुढचा?" "पुढचा." गेल्या आठवड्यात एवढे शब्द झाले नव्हते.

सीटबेल्टचा पट्टा सीटला न बांधता गाडीच्या सांगाड्यालाच बांधला, सीटवर त्याचा भार नको. शेवटी साखळीची पुली लावून सीट पुढे ओढली. दोन माणसं ओढतील त्याच्या कितीतरी पट जोर. चौकट कुरकुरली, जागची हलली नाही. धाकटीने टॉर्च घेऊन एकेक जोड जवळून पाहिला. मग दुसऱ्यांदा पाहिला. माझ्यावर विश्वास नाही असं मला वाटू नये म्हणून आजवर तिने कधीच काही तपासलं नव्हतं, हे मला त्या वेळी कळलं.

७ एप्रिल, मंगळवार

कंपाउंडरच्या घरी गेलो. दोघंही. जायचं ती म्हणाली, सांगायचं मी.

तो खिडकीशी डाव्या हाताने लिहायचा सराव करत बसला होता. एकच पान, त्यावर स्वतःचीच सही वीस-पंचवीस वेळा. मी बसायच्या आधीच सांगायला लागलो, बसलो असतो तर सांगवलं नसतं. सांगून झाल्यावर तो त्या पानाकडेच बघत राहिला.

"मास्तर, हात तर गेलाच," तो म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी तुमच्याकडे चहा घेतला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. स्वतःशीच कबूल नव्हतं, पण होतं."

त्याने मान हलवली. असू दे म्हणाला नाही. मग धाकटीकडे वळला. "बाई, मला वाटत होतं तुम्ही समोर येत नाही ते माझा आता उपयोग नाही म्हणून."

धाकटी त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि रडली. अपघातानंतर पहिल्यांदा. तो गोंधळला, त्याची बायको आतून धावत आली, पाणी दिलं. मी कुठे बघावं ते कळेना. तिथे माझं काही काम नव्हतं, पण उठून जाणंही बरोबर नव्हतं. बसून राहिलो.

निघताना तो मला काही बोलला नाही. धाकटीला म्हणाला, "औषधांची पेटी उजवीकडे ठेवू नका, डावीकडे ठेवा. उतारावर घसरते."

९ एप्रिल, गुरुवार

काल ती ऑफिसात हजर झाली. मला पत्राचं काय झालं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आज सकाळी तिसऱ्या वाड्यावरून निरोप आला, मेंढी अडली आहे, कालपासून कळा देते. धाकटीने पेटी डावीकडे ठेवली आणि किल्ली घेतली. कंपाउंडरच्या जागी अजून कोणी नाही.

"चल," म्हणाली.

"मी?"

"धरायला माणूस लागतं."

नव्या सीटमध्ये बसलो. दोन तास चढत होतो. मला चाकोरी दिसत नव्हती, दगड कळत होते ते फक्त बसल्या जागी. धाकटी पुढे वाकून चालवत होती, दोन्ही हात स्टीअरिंगवर. एका ठिकाणी गाडी थांबवून उतरली. मीही उतरलो, दार चाचपत. ती ओघळीच्या कडेला उभी होती.

"इथे," म्हणाली.

खाली मला हिरवट-करडं काहीतरी दिसलं. काच असेल किंवा पाणी. बराच वेळ उभे राहिलो. वारा होता. ती काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो, पण तिने फक्त घड्याळ पाहिलं आणि गाडीकडे वळली.

वाड्यात अंधार आणि लोकरीचा वास. मेंढपाळाने मेंढी दाखवली. धाकटीने बाह्या वर केल्या.

"गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना. मान छातीशी. दाबू नकोस, नुसतं धर. ती ढकलेल तेव्हा सुटू देऊ नकोस."

मी धरलं. मेंढीचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं. धाकटी कोपरापर्यंत हात घालून, मान वळवून, भिंतीकडे बघत काम करत होती. तिला तरी आत कुठे काय दिसतं? बोटांनीच शोधत होती. "पाय मागे दुमडलाय," म्हणाली. "थांब. आता. धर."

पहिलं मेलेलं निघालं. तिने ते गोणपाटावर बाजूला ठेवलं आणि पुन्हा हात घातला. दुसरं जिवंत होतं. तिने नाक पुसलं, मागचे पाय धरून झुलवलं, पेंढ्याने चोळलं. शिंक आल्यासारखा आवाज झाला. मेंढीने मान फिरवली तेव्हा मी सोडली.

उतरताना तिने मला पट्टा लावला का म्हणून विचारलं, आणि लावला आहे असं सांगितल्यावरही हात घालून ओढून पाहिला. त्या वळणावर खड्डा आला तेव्हा गाडी जोराने आदळली, माझे दात एकमेकांवर आपटले. सीट जागच्या जागी होती. दोन्ही सीटा. तिने वेग कमी केला नाही की वाढवला नाही.

घरी आल्यावर बादलीत हात धुता धुता म्हणाली, "शनिवारी पाचवा वाडा. साडेसहाला तयार राहा."

"कंपाउंडरची जागा भरेपर्यंत का?"

"माहीत नाही." टॉवेलला हात पुसले. "मी अजून रागावलेली आहे, दादा. ते एवढ्यात जायचं नाही."

"बरं."

"आणि तू मेंढी फार घट्ट धरतोस. तिला श्वास घ्यायला जागा ठेव."

ठेवीन.